खिंडीतले पाच दगड

खिंडीच्या माथ्यावर हे जे पाच दगड उभे दिसतात, त्यांना पांडव समजून नवखी माणसं शेंदूर लावून जातात. आम्ही तो पुसून टाकतो. हे पांडव नव्हेत. आमच्या आंबरवाडीच्या गेनबा पिसाळांनी लढाईवरून परत आल्यावर एकेक दगड खांद्यावरून वर आणला, असे सांगतात.

दुसऱ्या महायुद्धात गेनबा इंग्रजांच्या मराठा पलटणीत नाईक होते. आफ्रिकेच्या वाळवंटात शत्रूच्या हाती सापडले आणि इटलीतल्या कैद्यांच्या छावणीत जाऊन पडले. पुढे इटलीनं हार मानली आणि एके दिवशी छावणीचे पहारेकरीच पळाले. तेव्हा गेनबाही निसटले आणि डोंगरातल्या एका खेड्यात आस्सुंता नावाच्या विधवेची मेंढरं राखू लागले.

एका दुपारी इंग्रजांचं बॉम्बफेकी विमान पेटत आलं आणि पलीकडच्या उतारावर आदळलं. त्याआधी त्यातून एकच हवाई छत्री उघडली होती. गेनबा धावले. गोरा शिपाई, मांडीचं हाड मोडलेलं. पाठीवर घेऊन त्याला आस्सुंताच्या गोठ्यात आणलं. तिनं त्याचे कपडे जाळले, गळ्यातला नावाचा बिल्ला न बघताच विहिरीत टाकला. तो काही सांगू लागला तशी म्हणाली, "नाव नको. जे ठाऊकच नाही, ते मारून मारून तरी कसं काढतील?"

तो मुलूख आता जर्मनांच्या ताब्यात होता. त्यांनी विमानाच्या राखेत प्रेतं मोजली. चार भरली. अशा विमानात माणसं पाच असतात, हे ते जाणून होते.

दुसऱ्या दिवशी घरांची झडती सुरू झाली. आस्सुंता दार अडवून उभी राहिली. बंदुकीच्या दस्त्याचे तडाखे खाल्ले, पण बोलली नाही म्हणे. तेवढ्यात गेनबा जखमीला पाठीवर घेऊन मागच्या रानात शिरले.

तीन दिवस ते इंग्रज फौजेच्या दिशेनं चालले. तिसऱ्या दिवशी त्याचा ताप फार चढला. एका कपारीत टेकले, तोच खालच्या वाटेवर बूट वाजले. त्याच वेळी जखमीनं गेनबांचं मनगट धरलं. "माझं नाव..." तो म्हणाला. गेनबांनी त्याच्या तोंडावर हात दाबला. बूट इतके जवळ आले की बोलणं ऐकू येत होतं. तळव्याखाली त्याचे ओठ हलत होते. मग हलायचे थांबले.

बूट दूर गेले. गेनबांनी हात काढला, तेव्हा उशीर झाला होता.

त्याला तिथंच पुरून ते एकटे आपल्या फौजेत पोचले. साहेबाला दिवस सांगितला, जागा सांगितली. लढाई संपल्यावर वाडीला फौजेकडून पत्र आलं. मास्तरांनी वाचून दाखवलं. त्या विमानातल्या पाचही जणांची नावं होती. चौघे इतके जळाले होते की कोण कुठला ओळखू आलं नाही, त्यामुळे पाचवा कोणता तेही सांगता येत नाही, असं लिहिलं होतं.

"पुन्हा वाचा, मास्तर," गेनबा म्हणाले. मास्तरांनी तीनदा वाचलं. गेनबा आपल्या उजव्या हाताकडे बघत राहिले. "ह्याला ठाऊक असेल," म्हणाले, "मला नाही."

आजही दरवर्षी, विमान पडलं त्या दुपारी, सगळी वाडी इथं येते आणि हाका घालते. पेल. डॉकरी. ऑल्डन. फर्थ. क्विल. प्रत्येक हाकेनंतर थोडं थांबायचं. आमच्या तोंडी उच्चार चुकत असतील. पण हाक पार खालच्या ओढ्यापर्यंत गेली पाहिजे. हळू घेतलेलं नाव गेनबांना शेवटपर्यंत सोसलं नाही.