तीन बंब आणि एक खटका

“तीन राण्या, तीन विजेचे बंब! दिवाळीच्या पहिल्या अंघोळीला तिघींच्याही न्हाणीघरात कढत पाणी पाहिजे!”

कुसुंबगडच्या महाराजांनी हुकूम सोडला आणि राजवाड्याचा वायरमन केरबा डोकं खाजवू लागला.

“सरकार, आधी बोर्ड बघून येतो.”

“त्यात बघायचंय काय?” दिवाण आप्पासाहेब मध्येच म्हणाले. “बोर्डावर फ्यूजच्या तीन जागा रिकाम्या आहेत, बंबही तीनच. जोड आणि मोकळा हो!”

“दिवाणसाहेब, आपल्या टांग्यात चौघांची जागा आहे. चार पैलवान बसवून घाट चढवा बघू! जागा पुरेल हो, पण घोडा नको का पुरायला?”

महाराजांनी हसू मिशीतच दाबलं. केरबा गेला. दिवे, पंखे, पाण्याचा पंप, मुदपाकखान्यातलं बर्फाचं कपाट, सगळं त्याने कागदावर मांडलं. खांबावरून राजवाड्यात येणारी मेन तार साठ अँपिअरची. पहाटे सगळे दिवे लागले की त्यातले पंचेचाळीस तिथेच संपले. उरले पंधरा. आणि एकेक बंब खाणार तेरा!

“सरकार, एक बंब सुखाने चालेल. तिन्ही तापवले, तर ऐन पहिल्या अंघोळीला राजवाडा अंधारात! मेन तार जाड घालू. खांबावर वीज भरपूर आहे, तार भांडारात पडून आहे. फक्त दर्शनी भिंत थोडी फोडावी...”

“खबरदार! रंग अजून वाळला नाही तिचा! भिंतीला हात लावायचा नाही, बंब तीनच लागले पाहिजेत, आणि फ्यूज उडाला तर तुझी नोकरीही गेली आणि राहती खोलीही!”

ऐन दिवाळीत बायको, पोरं, म्हातारी आई घेऊन केरबाने जायचं कुठे? पण गडी हातावर हात धरून बसणारा नव्हता. दोन दिवस त्याची ठोकाठोकी चालली. पहिली अंघोळ एका दिवसावर आली, तेव्हा महाराजांना आपल्या पलंगाच्या उशाशी पितळी मुठीचा एक गोल खटका दिसला. त्यांनी केरबाला आणि दिवाणांना बोलावून घेतलं.

“हे काय रे, केरबा?”

“सरकार, तिन्ही बंब लागले. भिंतीला ओरखडा नाही. फ्यूज उडायचा नाही. एवढंच, की एका वेळी एकच बंब तापेल. मूठ डावीकडे केली की थोरल्या राणीसाहेबांचा, वर केली की मधल्यांचा, उजवीकडे केली की धाकट्यांचा. आता पहिल्या अंघोळीचा पहिला मान कुणाचा, हे नोकराने कसं ठरवावं? म्हणून खटका सरकारांच्या उशाशी!”

महाराजांनी मूठ धरली. डावीकडे नेली, थांबले. उजवीकडे नेली, पुन्हा थांबले. तेवढ्यात दारात तीन दासी हजर!

“थोरल्या राणीसाहेबांनी विचारलंय, आमचंच पाणी पहिलं ना?”

“मधल्या राणीसाहेबांनीही तेच विचारलंय.”

“धाकट्या राणीसाहेबांनी काहीच विचारलं नाही. नुसत्या हसल्या.”

या शेवटच्या निरोपाने तर महाराजांना घामच फुटला!

“केरबा, तूच फिरव बाबा ही मूठ!”

“नको, सरकार! माझी बायको एकच. तरी सकाळचा पहिला चहा आईला की तिला, हे मी आजवर ठरवलेलं नाही!”

महाराज असे खदखदून हसले, की मूठ हातातून सुटली. “फोड! आत्ताच्या आत्ता भिंत फोड! घाल ती जाड तार! आणि आप्पासाहेब, रिकाम्या जागा तुम्हीच मोजल्या होत्यात ना? मग छिन्नी धरा!”

हातातलं सोन्याचं कडं काढून त्यांनी केरबाच्या हातात घातलं. “आणि हे बघ, चौथा बंब तुझ्या घरी!”

केरबाने लवून मुजरा केला.

“उपकार झाले, सरकार! पण आधी घरचा बोर्ड बघून येतो.”