राजाचं कुलूप आणि लोखंडाचा संसार

“लोखंड मला सोन्यासारखंच हवं! निव्वळ!” काळगडचे अजिंक्यराजे गरजले आणि दरबारी एकमेकांकडे बघू लागले. राजांना असले विचार वर्षातून दोनदाच येत. हा त्या वर्षीचा तिसरा.

झालं होतं असं. नदीची वाळू धुणाऱ्यांनी सकाळी सोन्याचे कण आणले, पिवळेधमक, सापडले तसेच. त्यांच्या मागोमाग लोखंड गाळणारा हैबती आला, तो तांबड्या दगडांची पाटी घेऊन.

“ह्यात लोखंड आहे, महाराज. भट्टीला तेवढा रानातला कोळसा द्या.”

“सोनं आयतं सापडतं, आणि लोखंड दगडात लपून बसतं? निव्वळ लोखंड तू घरी दडवतोस आणि मला धोंडे दाखवतोस! घाला ह्याला बेड्या! भट्टी मोडा!”

बेड्या हैबतीनंच गाळलेल्या लोखंडाच्या होत्या. चांगल्या मजबूत होत्या.

बापाला तसं पाहून त्याची लेक ठकू हिला रडू फुटत होतं. तिनं ते गिळलं आणि ती पुढं झाली.

“महाराज, जमिनीत लोखंड निव्वळ राहतं का, हे आपणच ठेवून बघा. चार महिने राहिलं, तर आबाशेजारी मलाही बेड्या घाला. तोवर भट्टी मोडू नका.”

“कबूल!”

राजांनी स्वतःच्या हातानं लाकडी पेटीत माती भरली. तीत एक सोन्याची अंगठी पुरली, एक लोखंडी सुई पुरली. वर स्वतःचं कुलूप ठोकलं, दोन पहारेकरी बसवले. ठकूनं फक्त जागा निवडली. महालाच्या पन्हाळीखालची.

पावसाळा आला आणि गेला. पहारेकरी घोंगडी पांघरून शिंकत राहिले. ठकू रोज बापाला भाकरी नेऊन देई आणि येताना पेटीकडे बघून घेई. मनातून ती पार घाबरलेली होती.

दसऱ्याला राजे किल्ली घेऊन आले, बेड्यांतल्या हैबतीलाही तिथं आणवलं. किल्ली फिरेना. तेल घातलं, तरी फिरेना. शेवटी कुलूप दगडानं फोडलं.

मातीतून अंगठी निघाली, पुसली तशी लखलखली. सुईच्या जागी मात्र तांबड्या भुकटीची एक रेघ होती.

“चोरी!” राजे पहारेकऱ्यांवर धावले. “सुई कुठाय?”

“आम्ही जागचे हललो नाही, सरकार!” दोघं पाया पडले.

“त्यांना सोडा, महाराज,” ठकू म्हणाली. “आधी आपला हात बघा.”

राजांनी हात पाहिला. कुलपानं तो तांबडा झाला होता. अगदी हैबतीच्या दगडांसारखा.

“कुलूप तर आपल्या डोळ्यांसमोरच होतं. त्यातलं लोखंड कुणी दडवलं?”

राजांनी फुटक्या कुलपाचे तुकडे उचलून उलटसुलट पाहिले. ठकू पुढं म्हणाली,

“सोनं कुणाशी सोयरीक करत नाही, म्हणून एकटं सापडतं. लोखंडाला हवापाणी भेटलं की ते संसार थाटून मोकळं! आपलं कुलूप, दोन पहारेकरी, तरी त्याला चार महिने दम निघाला नाही. जमिनीत तर ते जगाच्या आरंभापासून बसलंय महाराज, आणि तिथं पहारा कुणाचा होता?”

राजे तांबड्या हाताकडे बघत राहिले. मग असे हसले, असे हसले, की डोळे पुसताना तोंडही तांबडं झालं!

“सोडा हैबतीला! अंगठी पोरीची! आणि भट्टीला हवा तेवढा कोळसा माझ्या रानातला!”

“आणि पहिलं काम, महाराज?” बेड्यांतून हैबतीनं विचारलं.

राजांनी हातातल्या तुकड्यांकडे पाहिलं.

“एक कुलूप.”