सगुणाबाईचा नाताळ

एका डोंगराळ गावात सगुणाबाई नावाची एक विधवा राहत होती. तिच्यासारखा नाताळ आसपासच्या गावांत कुणी करत नसे. अंगणात पताका, दारावर मोठी चांदणी आणि ओसरीवर येशूजन्माचा देखावा. मातीची मरिया, मातीचा योसेफ आणि खऱ्या गवतावर ठेवलेलं बाळ. दूरदूरचे लोक ते बघायला येत.

तिचा थोरला भाऊ याकोब डोंगरापलीकडच्या गावात एकटाच राहायचा. आईच्या शेवटच्या आजारपणात दोघांचं भांडण झालं होतं. त्याला बारा वर्षं झाली, तेव्हापासून बोलणं बंद होतं.

एका नाताळच्या दिवशी घर पाहुण्यांनी भरलं होतं. सगुणाबाई करंज्यांचं ताट घेऊन बाहेर आली, तर अंगणात याकोब उभा. कपडे धुळीने माखलेले, चालून चालून धाप लागलेली.

"दादा, तू?"

"सगू, आज सकाळी आमच्या गावच्या देवळात पाळकांनी सांगितलं, माणसं चुकली तरी देव रुसून वर बसला नाही, आपणच खाली आला. मग मी कोण रुसून बसणारा? म्हणून आलो. तुझ्याशी दोन शब्द बोलायचेत."

सगुणाबाईचे डोळे भरून आले. तेवढ्यात आतून हाक आली, "अहो सगुणाबाई, पाटलीणबाई आल्यात!"

तिने भावाच्या मळक्या सदऱ्याकडे पाहिलं. घाईघाईने म्हणाली, "दादा, आत्ता नको रे. घरात मोठी माणसं आहेत. तू मागे गोठ्यात बस जरा. पाहुणे गेले की हाक मारते."

"बसतो," याकोब म्हणाला, आणि मागे गेला.

पाहुण्यांनी देखाव्याचं तोंडभरून कौतुक केलं. पाहुण्यांत तिच्या गावचे पाळकसाहेबही होते. ते म्हणाले, "जेवणाआधी जन्माची गोष्ट वाचू या का?"

"वाचू की, पण नंतर. जेवण निवतंय," सगुणाबाई म्हणाली. नंतर ते राहूनच गेलं. एक पंगत उठली, दुसरी बसली. मग गाणी झाली, फोटो झाले.

दिवे लावायच्या वेळी सगळे गेले आणि तिला एकदम आठवलं. ती गोठ्याकडे धावली. तिथे फक्त गडी होता, बैलांना वैरण घालत.

"दादा कुठाय?"

"ते होय? लई वेळ बसले होते. खोकत होते. मी म्हणलं, बाईंना बोलावतो. तर म्हणाले, नको, तिची गडबड असंल. ऊन कललं तसे निघाले."

"काही खाल्लं का त्याने?"

"तुम्ही काय धाडलंच नाही, बाई."

पहाट होताच सगुणाबाई फराळाचा डबा घेऊन डोंगर चढू लागली. वाटभर ती काय बोलायचं ते मनाशी जुळवत होती. याकोबच्या घरापुढे माणसं जमलेली दिसली. आदल्या संध्याकाळी परतताना घाटाच्या चढावर तो कोसळला होता. गुराख्यांनी उचलून आणलं, तेव्हा प्राण गेलेला होता.

शेजारीण तिला ओळखत नव्हती. ती सहज म्हणाली, "काल किती आनंदात गेले होते! म्हणाले, बहिणीला घेऊनच येतो. घर झाडून ठेवलंय बघा."

सगुणाबाई त्या झाडलेल्या घरात बसून राहिली. दुपारी याकोबला माती दिली.

माती झाल्यावर तिने तिथल्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं आणि विचारलं, "मला क्षमा मिळेल का हो?"

ते म्हणाले, "देवाची मिळेल, बाई. पण भावाची क्षमा मागायला तू आता कुणाच्या दारी जाणार?"

पुढे सगुणाबाई वीस वर्षं जगली. त्या प्रश्नाचं उत्तर तिला कधीच सापडलं नाही.

तात्पर्य: देव समेटासाठी माणसाच्या दारी आला, त्याची आठवण म्हणजे नाताळ. सणाच्या गडबडीत आपल्या दारी आलेला समेट थांबवून ठेवला, तर तो पुन्हा येईलच असं नाही.