जपानचा शिक्का आणि कुंकवाची रेघ

एकदा एक शिष्या आपल्या वस्तादांच्या दारात नवी सायकल घेऊन आली, पण ती सायकल जमिनीवर टेकवायला तिचं मन होईना. खांद्यावर धरूनच उभी!

वस्ताद म्हणजे तालमीतले नव्हेत, सायकलीचे. तरुणपणी त्यांनी शर्यती मारल्या आणि गुडघा गेल्यावर पाना हाती घेतला. चाकाची तार बोटाने छेडून, नुसत्या आवाजावरून कुठली सैल आहे ते सांगणारा माणूस. शिष्या त्यांच्याकडे सहा वर्षं शिकत होती. कडेला उंच चढत जाणाऱ्या गोल ट्रॅकवरच्या शर्यतीत ती खेळायची. राज्याच्या संघात तिघींनाच घेत, आणि सलग दोन वर्षं ती चौथी आली होती. दोन्ही वेळा परत येऊन तिने एकच वाक्य सांगितलं, "सायकल माझी नव्हती ना, वस्ताद." ते खोटंही नव्हतं, सायकल उसनी होती. यंदा वयोमर्यादेचं शेवटचं वर्ष. निवड दसऱ्यानंतरच्या रविवारी. आणि सायकल, प्रथमच, तिची स्वतःची!

आणि कसली सायकल! जपानात केइरिन नावाची शर्यत असते. तिच्या सायकलीला ब्रेक नाही, गिअर नाही. पेडल फिरलं की चाक फिरणार, चाक फिरलं की पेडल. वेग कमी करायचा तर पाय मागे रेटायचे, दुसरा उपाय नाही. त्या शर्यतीत सायकलीच्या भागांवर तिथल्या संस्थेचा शिक्का लागतो. शिक्का नसेल तर तो भाग ट्रॅकवर येत नाही. शिष्येने दोन वर्षं आटापिटा करून असे शिक्क्याचे भाग एकेक करून मिळवले. पोलादी फ्रेम तर एका निवृत्त जपानी स्वाराची. सगळं तिने स्वतःच्या हाताने जोडलं.

समोरच्या हार्डवेअर दुकानातला व्यापारी गिऱ्हाईक सोडून धावत आला.

"अगं, सायकल आणलीस की आरसा?"

"शेट, आधी हात पुसा! हा पेडलचा दांडा, क्रँक बघा, शिक्का. पेडल, शिक्का. हँडल, सीटची दांडी, चेनसुद्धा. सगळ्यांवर शिक्का!"

"आणि चाकातल्या हवेवर?"

"हवा आपली, पंचगंगेकाठची."

व्यापारी खो-खो हसला. तो दिवस खंडेनवमीचा. पाने, पक्कड, हातोडी फळीवर मांडून त्यांना कुंकू-झेंडू वाहिलेले.

"वस्ताद, हिलाही कुंकू लावा," शिष्या म्हणाली.

वस्तादांनी सायकलीभोवती एक फेरी घातली. एकही शिक्का वाचला नाही. वाटीतल्या कुंकवात तेलाचा थेंब टाकला, आगपेटीतली काडी त्यात बुडवली आणि हँडलकडे न जाता ते मागच्या चाकापाशी जाऊन बसले. तिथे चेन ज्याच्यावरून फिरते ते दातेरी चक्र असतं, आणि ते सुटू नये म्हणून त्याच्यावर एक कडं आवळलेलं असतं. चक्रावरून कड्यावर अशी एक बारीक, सरळ रेघ त्यांनी ओढली.

"झाली पूजा. आता मैदानाला दहा फेऱ्या. प्रत्येक फेरीला जोरात पळव, मग पाय मागे रेटून थांबव."

शिष्येचा चेहरा उतरला. "एवढंच? कशी झालीय ते तरी बोला."

"दहा फेऱ्या."

"वस्ताद, लक्ष्मी दारात आली आणि तुम्ही तिला पळायला लावता!" व्यापारी कळवळला.

ती गेली. पहिल्या फेरीतच राग विसरली. सायकल अशी निघाली की वारा कानात शीळ घालू लागला, आणि मैदानावरची क्रिकेटवाली पोरं खेळ सोडून बघत राहिली! दहा फेऱ्या मारून ती परतली तेव्हा चेहरा लालबुंद झाला होता.

"वस्ताद, पळत नाही ही, उडते! रविवारी मला कोण गाठतंय ते बघतेच मी!"

"रेघ बघ."

ती वाकली. रेघ तुटली होती. अर्धी चक्रावर, अर्धी कड्यावर, आणि मध्ये ज्वारीच्या दाण्याएवढी फट. शिष्येच्या चेहऱ्यावरची लाली ओसरली. कडं सैल होतं. रविवारी, त्या चढत्या कडेवर, इतर जणींच्या दाटीत तिने पाय मागे रेटले असते, आणि चक्र चाकावरून सुटून नुसतंच फिरलं असतं. थांबायला ब्रेक नव्हताच.

"कडं आवळलं होतंस?"

"हो."

"कसं?"

ती हळूच म्हणाली, "फडकं गुंडाळून. हलक्या हाताने. कड्यावरच्या शिक्क्यावर ओरखडा येऊ नये म्हणून."

वस्तादांनी व्यापाऱ्याकडे पाहिलं. "शेट, तुमच्या किलोच्या वजनावर सरकारी शिक्का आहे ना?"

"आहे की!"

"म्हणजे तुमचे खिळे चांगले?"

व्यापारी चपापला. "तसं नव्हे. किलो तेवढा किलो ठरतो."

"आणि शेजारच्या दुकानाचा?"

"तोही किलोच."

"ऐकलंस, पोरी? जपानचा शिक्काही एवढंच सांगतो. तुझी सायकल थोर आहे असं तो म्हणत नाही. तो म्हणतो, सगळ्यांची सायकल एका मापाची आहे, आता काय ते पायांनी ठरवा. हरल्यावर कुणाला सायकलीची सबब राहू नये, यासाठी तो शिक्का असतो. आणि तू त्या शिक्क्यालाच जपत बसलीस."

वस्तादांनी पूजेतला आकडेदार टोकाचा पाना उचलून तिच्या हातात दिला. त्यावर झेंडूची पाकळी चिकटली होती.

"वस्ताद, आज खंडेनवमी. आज हत्यार चालवत नाहीत."

"त्याची क्षमा मी मागतो. तू आवळ."

"उजवीकडे की डावीकडे, गं?" व्यापाऱ्याने चिडवलं.

"डावीकडे, शेट. याचे आटे उलटे असतात. एकदा नीट आवळलं, की पाय मागे रेटावा तसं हे आणखी घट्ट होतं."

"आमच्या घरीही असंच एक माणूस आहे!"

या वेळी फडकं नव्हतं. सारा भार टाकून तिने कडं आवळलं. शेवटच्या झटक्याला पाना निसटला आणि शिक्क्यावर पांढरा ओरखडा उमटला. तिने तो पाहिला, क्षणभर ओठ आवळले, आणि मग हसलीच. काडी कुंकवात बुडवून नवी रेघ तिने स्वतः ओढली.

रविवारी दुपारी वस्तादांचा फोन वाजला. व्यापारी तिथेच येऊन बसला होता.

"वस्ताद, रेघ जागच्या जागी आहे!"

"आणि नंबर?"

"दुसरा! संघात घेतलं!" मागे गलका ऐकू येत होता. "पहिलीला गाठायला पाय कमी पडले, वस्ताद. सायकलीचं काही नाही."

वस्तादांनी डोळे मिटून मान हलवली. तिचं शेवटचं वाक्य ऐकायला ते दोन वर्षं थांबले होते.

व्यापारी दुकानात परतला आणि तराजूची दोन्ही पारडी रिकामी करून काटा मधोमध उभा राहतो का, ते निरखत राहिला. शिक्का दुसरा कुणी तरी एकदा मारून जातो. रेघ आपली आपण ओढावी लागते, आणि रोज बघावी लागते.