भुईचाफा

"पण भुईचाफा ओळखायचा कसा, ते तरी सांगा," उपळेकर मास्तर म्हणाले.

ठमाबाई पुढे चालत राहिली.

मास्तरांनी तीस वर्षे शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवले होते. भुईचाफ्याचे कूळ, पाकळ्यांची मापे, सारे तोंडपाठ. प्रत्यक्ष फूल मात्र कधी पाहिलेले नव्हते.

त्यांच्या पत्नीचे, शालिनीबाईंचे, माहेर याच डोंगराखालचे. दर वैशाखात त्या म्हणायच्या, एकदा रानात चला, भुईचाफा दाखवते. मास्तर म्हणायचे, उन्हाळ्यात रानात काय असते? पुढच्या वर्षी बघू.

गेल्या माघात शालिनीबाई गेल्या.

ठमाबाई ठाकरवाडीतली. रानातला पाला-मुळ्या जाणणारी म्हातारी. पहिल्याच दिवशी मास्तरांनी तिची दोन झाडांची नावे दुरुस्त केली होती. आज भुईचाफ्याच्या शोधाचा तिसरा दिवस होता.

एका ऐनाच्या झाडाखाली ती थांबली.

"मास्तर, बस इथं."

"अजून पलीकडचा उतार राहिलाय."

"बस."

मास्तर बसले. मांडीवरची वही उघडली, मिटली. करायला काहीच नव्हते. शालिनीबाई गेल्यापासून असे रिकामे ते बसलेच नव्हते…

वाऱ्याची झुळूक आली. तिच्यासोबत गोड, गार वास आला.

मास्तरांनी खाली पाहिले. गुडघ्यापासून वीतभर अंतरावर, वाळल्या पाचोळ्यातून, थेट मातीतून एक फूल वर आले होते. पांढरे, ओठासारख्या पाकळीवर जांभळे. आसपास ना देठ, ना हिरवा ठिपका. सकाळपासून ते दोनदा याच वाटेने गेले होते.

त्यांनी घाईघाईने पिशवीतून चाकू काढला. कंद घरी नेतो म्हणाले, शालिनीच्या फोटोजवळ कुंडीत लावतो.

ठमाबाईने त्यांचा हात धरला नाही. एवढेच म्हणाली, "एका दिसाचं असतं हे. संध्याकाळपर्यंत."

मास्तर चाकूकडे पाहत राहिले. मग त्यांनी तो खाली ठेवला.

ऊन कलेपर्यंत दोघे तिथेच होती. मधेच मास्तर हलक्या आवाजात काही बोलले. ते ठमाबाईसाठी नव्हते. तिने तोंड दुसरीकडे वळवले.

पाकळ्या हळूहळू मिटल्या, मऊ पडल्या.

"सुकलं…" मास्तर म्हणाले. "आता?"

ठमाबाईने ओंजळभर पाचोळा त्या जागेवर पसरला.

"आता पानं येतील. ती फुलावाचूनच वाढतात."