जोमीनं खाडीला आवतण दिलं

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. नेमकी किती, ते उंबरखारात विचारू नये. तिथं ज्यांना साल ठाऊक असतं त्यांना गोष्ट सांगता येत नाही, आणि ज्यांना गोष्ट येते ते साल विचारणाऱ्याला ओट्यावरून उठवून लावतात.

उंबरखार हे खाडीकाठचं आगऱ्यांचं गाव. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला खाडी, आणि खाडी नि भातशेती यांच्या मधे मातीचा एक बांध. हा बांध आहे म्हणून गाव आहे. भरतीचं खारं पाणी एकदा शेतात शिरून मुरलं की तीन वर्षं तिथं भाताचं रोप उभं राहत नाही. बांधात एक लाकडी झडप असते, तिला उघाडी म्हणतात. ओहोटीला ती उघडायची आणि शेतातलं पाणी बाहेर सोडायचं, भरतीला मिटायची. उंबरखारची उघाडी पदू सांभाळायचा. त्याची लेक जोमी.

जोमी जन्माला आली तीच सुरात रडत, असं म्हणतात. म्हणणाऱ्यांपैकी तिथं कोणी हजर नव्हतं. तिची आयस हजर होती, आणि तिचं म्हणणं असं की पोर चारचौघींसारखीच रडली, फक्त थांबली नाही.

चालायला लागल्यापासून जोमी बापाबरोबर उघाडीवर बसायची आणि खाडीशी बोलायची. बोलता बोलता गायला लागायची. जे दिसेल त्यावर गाणं: कोंबडीवर, चिंबोरीवर, शेजारणींच्या भांडणावर. सहा वर्षांची असताना तिनं गोमा पाटलाच्या मिशांवर दोन ओळी जुळवल्या. त्या आठ दिवसांत खाडीपलीकडच्या तीन गावांत पोचल्या. खुद्द पाटील जन्मात तेवढा लांब गेला नव्हता.

पाटील पदूला म्हणाला, "पोरीचं तोंड आवर, नाय तर उघाडी दुसऱ्याला देतू."

पदूला भरती आवरणं जमत होतं. हे जमेना. त्यानं लेकीला हाताला धरून आपल्या बहिणीकडे नेलं. ही बुधीआते, चाळीस गावांत नावाजलेली धवलारीण.

आगऱ्यांच्या लग्नात धवलारीण लागते. मांडव उभा राहण्यापासून हळद उतरेपर्यंत प्रत्येक विधीला तिनं त्या विधीचा धवला गायचा, तेव्हा तो विधी पुरा होतो. नवऱ्याला उशीर झाला तर मांडव थांबतो. धवलारणीला उशीर झाला तर मांडव उभाच राहत नाही. बुधीआतेला हे पुरेपूर ठाऊक होतं, म्हणून ती नेहमी थोड्या उशिरानं जायची.

तिनं जोमीला समोर बसवलं आणि पहिल्याच दिवशी सांगितलं, "धवला आपला नाय, बाय. आयसनं दिला तसा घेयाचा, नि घेतला तसा देयाचा. आपुन वाटंवरचा रांजन. रांजनानं पानी ठेवायचं, त्यात आपली चव नाय घालायची."

"रांजनाची चव येतेच की गो आते पान्याला," जोमी म्हणाली.

त्या दिवशी तिला जेवण उशिरा मिळालं.

बारा वर्षं जोमी शिकली. तीन दिवस नि तीन रात्री पुरतील इतके धवले तिच्या तोंडी बसले. एकही शब्द इकडचा तिकडे नाही. पण पावसात लावणीला बाया चिखलात वाकल्या, की जोमी पुढं आणि तिच्या मागून सगळ्या. तिथली गाणी तिची स्वतःची असायची, रोज नवी. तिच्या गाण्यावर रोपं आपण होऊन रांगेत उभी राहायची, असं म्हणतात. खरं एवढंच असावं की बाया हसत होत्या, आणि हसणाऱ्या बाईचा हात लवकर चालतो. बुधीआते बांधावरून ऐकायची आणि म्हणायची, "चिखलात काय ते बोंबल. मांडवात एक शब्द तुजा आला, तर मी तुजी आते नाय."

चिखलातलं गाणं चिखलात जिरायचं. जोमीला ते खुपायचं. दुपारी जुळवलेली ओळ संध्याकाळी पाय धुताना निघून जायची, आणि कोणाला तिची आठवण नसायची. मांडवात गायलेलं मात्र राहतं. पण तिथं तिला तोंड होतं, शब्द नव्हते.

मग गोमा पाटलाच्या धाकट्या लेकीचं, पोशीचं, लग्न निघालं. चैत्रातली पुनव धरलेली. हळदीच्या आदल्या दिवशी बुधीआतेनं पाटलाच्या घरचा फणस पोटभर खाल्ला, वर गार ताक प्यायलं आणि सकाळी उठली ती आवाजाशिवाय. पाटलाला घाम फुटला. चाळीस गावांत दुसरी धवलारीण मोकळी नव्हती. बुधीआतेनं गळ्याला फडकं गुंडाळलं, जोमीकडे बोट केलं आणि मग तेच बोट तिच्या डोळ्यांपुढं बराच वेळ नाचवलं.

जोमी मांडवात उभी राहिली आणि आवतणाचा धवला सुरू झाला. यात लग्नाला सगळ्यांना बोलवायचं असतं. गावदेवीला आवतण गेलं. डोंगराला गेलं. सूर्याला, चंद्राला, घरातल्या मेलेल्या माणसांना एकेकाच्या नावानं गेलं. उंबराच्या झाडाला गेलं, गोड्या पाण्याच्या विहिरीला गेलं. शेवटी मुंगीलाही गेलं, कारण मुंगी न बोलावता येतेच, तर निदान मानानं यावी. इथं धवला संपतो.

जोमीला तो तिथं संपवता आला नाही. मुंगीला आवतण, आणि जी दिवसातनं दोनदा दाराशी येते, आपल्याला मासळी देते, जिच्याशी आपण लहानपणापासून बोललो, तिला कोणीच कधी बोलावलं नाही? तिनं श्वास घेतला आणि त्याच चालीवर दोन ओळी पुढं गायल्या.

*ये गो खाडीबाय, दारी मांडव घातला,*
*तुज्या नावाचा पाट आमी अंगनी मांडला.*

मागच्या बायांना ओळ झेलायची, म्हणजे मागून म्हणायची, सवय. काय झेललं हे कळायच्या आत त्यांनी ते झेललंही. बुधीआते ओरडायला उठली, पण ओरडायला आवाज नव्हता. तिनं हातातली सुपारी जोमीवर फेकली. ती गोमा पाटलाच्या पागोट्यावर जाऊन बसली. पाटलानं तो शकुन समजून सुपारी कनवटीला लावली.

दुसऱ्या दिवशी, ऐन दुपारी, पुनवेच्या उधाणात बांध फुटला.

पाणी धावत आलं नाही, असं म्हणतात. ते आलं सावकाश, पदर सावरत आल्यासारखं. शेतं ओलांडली, पाटलाच्या अंगणात शिरलं, मांडवातल्या पाटाला टेकलं आणि थांबलं. नवऱ्याकडचं वऱ्हाड होडीनं यायचं होतं ते थेट मांडवात उतरलं. उंबरखारकरांनी एवढी सोय केलेली पाहून वरबाप गहिवरला.

लग्न लागलं. भरती ओसरायची वेळ झाली. खाडीचं पाणी सगळीकडे उतरलं, पलीकडच्या गावांचा चिखल उघडा पडला. उंबरखारातलं पाणी तसूभर हललं नाही. दुसरा दिवस, तिसरा दिवस. पाहुणी बसली ती बसली.

वऱ्हाडही बसलं. पाण्यातून होड्या बाहेर काढता येत होत्या, पण जेवण चांगलं होतं.

माणसांनी फुटलेल्या बांधात मातीच्या पाट्या ओतल्या, त्या विरघळल्या. बोकड झाला, नारळ झाले. पाटलानं मिशांवर हात फिरवून पाण्याला दम दिला. विहिरीचं पाणी मचूळ लागायला लागलं. आणखी चार दिवस, की जमिनीत मीठ मुरणार, आणि मग तीन वर्षं गावानं खायचं काय, हे कोणालाच ठाऊक नव्हतं.

पाच पंच एका पडवीत चढून बसले. न्याय ताबडतोब झाला. पदूची उघाडी काढून घ्यावी. जोमीनं यापुढं मांडवात, शेतात, घरात, कुठंही गाऊ नये. तोंड उघडावं ते जेवणापुरतं. पाचही पंचांचं एकमत झालं, त्यात एक झोपला होता.

जोमी घराच्या ओट्यावर बसून राहिली. पाण्याखालची शेतं समोर होती. बापाला भूक नव्हती, आयसनं चूल पेटवली नव्हती. गाणं गेलं याचं दुःख तिला अजून झालंच नव्हतं. आपल्या दोन ओळींनी सगळ्या गावाचा घास नेला, हेच गिळता येत नव्हतं.

बुधीआतेचा आवाज चौथ्या दिवशी परतला, निम्माशिम्मा. तिनं पाण्याच्या कडेला उभं राहून ठाऊक होते ते सगळे धवले गायले. पाणी ऐकत राहिलं. संध्याकाळी ती पंचांपुढं जाऊन उभी राहिली.

"काय नाय व्हायाचं. आपल्या धवल्यात हिचं नावच नाय. जिनं बोलावली तिनंच वाटंला लावली पायजे."

"पन तिला तं आमी बंदी घातली," पंच म्हणाले.

"मंग आता पवायला शिका," आते म्हणाली.

बंदी उठली. तेव्हाही एकमत झालं. झोपलेल्या पंचाला या वेळी हलवून उठवलं होतं.

सकाळी सगळा गाव जोमीभोवती जमला. पाटील म्हणाला, "गो पोरी, काय ते गा, नि सांग तिला, चालती हो म्हनावं!"

"पावनीला 'जा' कोन म्हनतं, पाटील? चार दिस झालं, दारात आलेलीला तुमी पाट दिला, पन पानी इचारलंत? कुकू लावलंत?"

पाटलाचा हात मिशांवरून खाली आला. आपण पाहुणीला चिखल, शिव्या आणि बोकडाचं रक्त दाखवलं, हे आता त्याच्या ध्यानात आलं.

"मना सुपात तांदूल द्या, नारल द्या, हलदकुकू द्या," जोमी म्हणाली. मग बुधीआतेकडे वळली. "आते, हा धवला कोनीच दिलेला नाय. माज्याकडं शब्द माजेच हायेत."

आतेनं गळ्याचं फडकं सोडलं. मग म्हणाली, "मंग चव नीट घाल. लोकांना पियाचं हाय ते."

जोमी गुडघाभर पाण्यात उतरली. पाटाजवळच्या पाण्याला तिनं हळदकुंकू लावलं, पाण्याची ओटी भरली आणि गायला लागली. सकाळी सुरू झालेली ती दुपार कलेपर्यंत गात होती. त्या धवल्यात 'जा' हा शब्द एकदाही नव्हता. तिनं खाडीला तिच्या घरची याद दिली. तिवरांची मुळं उन्हात उघडी पडली, ती तुझी वाट बघतात. कालवं तोंड मिटून बसली, तू आल्याबिगर उघडणार नाहीत. बोयट मासळीची पिल्लं आयस आयस करतात. बापूस दर्या दाराशी उभा आहे, लेक अजून कशी येईना म्हणतो. सगळ्या बाया झेलत होत्या, आणि झेलता झेलता रडत होत्या, कारण त्यांतली प्रत्येक कुठल्या ना कुठल्या गावाहून आलेली होती. नवरी पोशी तर सगळ्यांत मोठ्यानं. सगळ्यांत पुढं, जोमीच्या खांद्याला खांदा लावून, बसक्या आवाजात बुधीआते झेलत होती.

*भरली ओटी गो बाय, आता पदर सावर,*
*पुना पुनवंला ये, तुजं म्हायेर बांधावर.*

या ओळीला पाटावरचं कुंकू हललं. पाणी आल्यासारखंच सावकाश निघालं. जाताना वाकून एकेका दाराला शिवून गेलं, असं म्हणतात. बाया उंबऱ्यापर्यंत पोचवायला गेल्या आणि पुरुषांनी तेवढ्यात बांधाचं भगदाड बुजवलं. ओटीतले तांदूळ शेतात पसरले ते त्या पावसात उगवले, आणि तीन वर्षं पडीक राहायची ती जमीन त्याच साली पिकली. एका पंचाचा मळा तेवढा खारट राहिला. तोच झोपलेला पंच, असं म्हणतात. त्याच्या घरचे आजही हे नाकारतात.

वऱ्हाड दुसऱ्या दिवशी निघालं. आता होड्यांना पाणी नव्हतं, तेव्हा चिखल तुडवत गेलं.

त्यानंतर जोमीला चाळीस गावांतून बोलावणी आली. प्रत्येक बोलावण्याला एक पुस्ती असायची: "ये, पन एकलीच ये." ती गेली, आणि प्रत्येक घरासाठी तिनं नव्या ओळी केल्या. ज्यांना कोणी बोलावत नसे त्यांना तिच्या धवल्यात आवतण असायचं: विधवा चुलतीला, रुसून गेलेल्या भावाला, आंधळ्या बैलाला. पुढं लोक तिला जोमाय म्हणायला लागले.

बुधीआते म्हातारपणी खाडीचा धवला भाचीकडून शिकली, शब्दानं शब्द. एकदा एका मांडवात जोमायनं त्यातली एक ओळ फिरवून जरा बरी केली. आतेनं भर मांडवात तिला थांबवलं.

"अशी नाय ती ओल."

"आते, मीच केलेली हाय गो."

"केली तवा तुजी व्हती. आता जशी दिली तशी दे."

जोमायनं ओळ जुनी गायली. त्या दिवशी घरी येताना ती सबंध बांधभर हसत होती, आणि डोळे पुसत होती.

जोमाय कधी गेली हे कोणी सांगत नाही. एका पुनवेला ती बांधावर पाय सोडून बसली होती, पाणी आलं, आणि मग ती तिथं नव्हती, असं म्हणतात. बुडाली असं उंबरखारात म्हटलेलं खपत नाही. तिला आवतण आलं होतं.

अजूनही उंबरखारातल्या लग्नात मुंगीच्या मागून खाडीला आवतण जातं. पाट मात्र अंगणात मांडत नाहीत. तो बांधाच्या पलीकडच्या अंगाला मांडतात, हळदकुंकू तिथंच वाहतात. आणि नवी धवलारीण पहिल्यांदा मांडवात उभी राहते, तेव्हा तिनं आवतणाच्या शेवटी दोन ओळी स्वतःच्या घालायच्या, हे जोमायच्या नावानं ठरलेलं आहे. म्हाताऱ्यांनी त्यावर तिला बोल लावायचा, हेही ठरलेलं आहे. दोन्ही कामं मनापासून होतात. आणि ती त्या ओळी सुरू करायच्या आधी गावातले बाप्ये फावडी नि मातीच्या पाट्या घेऊन मुकाट्यानं बांधावर जाऊन उभे राहतात. पोरगी या खेपेला कोणाला बोलावील, त्याचा नेम नसतो.