आत कुणी नाही

“ओढून काढू का, चाचा? जबरदस्तीनं?”

“काढ की. आणि पोरीचा स्कॅन गेला, तर वर जाऊन तिच्या आईला तूच सांग.”

प्रणीतचा हात कीबोर्डवरून मागं आला.

सकाळी वीज गेली आणि आमच्या दवाखान्याच्या सर्व्हरची एक डिस्क बिघडली. आठ वर्षांच्या रेणूच्या डोक्याचा स्कॅन नेमका त्याच डिस्कवर. एक वाजता ऑपरेशन, आणि फाइल उघडेना. दुरुस्ती करायची तर डिस्क आधी चालू सिस्टिमपासून सोडवावी लागते. ती काही केल्या सुटेना. दर वेळी पडद्यावर एकच उत्तर: डिस्क वापरात आहे.

साडेबारा वाजले होते.

मुजावरचाचांनी तीस वर्षं असली यंत्रं सांभाळली. प्रणीत त्यांच्याच हाताखाली शिकलेला. हुशार हो, पण तोरा असा की विचारू नका!

“कोण वापरतंय?” चाचांनी विचारलं.

“कुणीच नाही. सगळ्यांना हाकललं. लॅब बंद केली, डॉक्टरांच्या कॉम्प्युटरची जोडणी तोडली. घोरपडे सिस्टर अर्धा रिपोर्ट टाइप करत होत्या, त्यांनाही काढलं. रडकुंडीला आल्या बिचाऱ्या.”

“विचारलंस त्यांना?”

“वेळ कुठं होता?”

“यादी बघितलीस? कोण कोण अडकलंय त्याची?”

“बघितली. साफ आहे. एकच ओळ राहिलीय, ती माझी. मी बघतोय म्हणून दिसते. ती धरायची नाही.”

चाचांनी पडद्यावरची ती ओळ एकदा वाचली.

उठले. सर्व्हरच्या खोलीबाहेर गेले. दार लावून घेतलं.

“अहो चाचा! आता कुठं निघालात?” प्रणीतनं हाक मारली. वरून ऑपरेशन थिएटरचा फोन वाजायला लागला. उचलून सांगणार काय? त्यानं उचललाच नाही.

बाहेरून कडी वाजली.

“आत कोण आहे?”

“कुणी नाही हो! कितीदा सांगू? आत कुणी नाही!”

…

“मग ओरडतंय कोण?”

प्रणीत वळला. पडद्याकडं बघत राहिला. त्याची ती एक ओळ.

सकाळी फाइल शोधायला तो त्याच डिस्कच्या फोल्डरात शिरला होता; म्हणूनच डिस्क वापरात. आणि तिथंच ठाण मांडून जगाला बाहेर काढत होता.

त्यानं दोन अक्षरं टाइप केली आणि फोल्डरातून बाहेर आला. डिस्क मुकाट सुटली.

दुरुस्तीला सात मिनिटं लागली. त्या सात मिनिटांत तो एकदाही खुर्चीला टेकला नाही. मग डिस्क परत जोडली, फाइल उघडली. रेणूचा स्कॅन, अख्खा.

त्यानं धावत जाऊन दार उघडलं. चाचा तिथंच उभे होते. त्यांच्या मागं, फोन कुणी उचलेना म्हणून जिने उतरून धापा टाकत आलेल्या घोरपडे सिस्टर.

“चाचा, मीच होतो आत! मीच अडवून बसलो होतो. आणि सकाळपासून सगळ्यांना…” चौकटीला हात लावून प्रणीत बोलतच राहिला. डोळे भरून आले होते त्याचे.

“कळलं ना?” चाचा म्हणाले. “मग दारातनं हल. सिस्टरना आत यायचंय.”